कुपवाड, रात्री पावणेतीन

बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजात सर्व्हर पुन्हा बसला.
शाल पांघरून मी लॉग वाचते, शेवटून वर.
चालू होईना. म्हणतो, मी आधीच चालू आहे.
मेलेल्या प्रोसेसची एक फाइल मागं राहिलीय,
आत फक्त एक आकडा: ४१७२.
त्या नंबरचं आता घरात कुणी नाही.

फाइल पुसली. तरी उठेना.
मशीनकडं आहे त्याच्या दुप्पट मेमरी मागतोय;
कुणी वाढवली, कधी, देव जाणे.
सेटिंगच्या फाइलीत खाली खाली जाते,
तर त्याच ओळीवर जमदाडे सरांची टीप:
'इथं हात लावू नये. लावलाच तर मला फोन करा.'
पुढं नंबर. पाठ आहे मला.
मार्चपासून तो लागत नाही.

हात लावला.

मग उठला, आणि शेवटच्या खुणेपासून
नोंदी गिरवू लागला:
सावळजचे चाळीस बॉक्स आत, सौदा, वजन, पावती.
बागवानांच्या गाडीची नोंद अर्धवट होती;
ती त्यानं मुकाट्यानं मागं घेतली,
जणू गाडी आलीच नव्हती.

गाडी गेटाशी उभी आहे.
ड्रायव्हर केबिनमध्ये झोपलाय.

टीप मी तशीच ठेवली.
नंबरही.