नग एक

इब्रात, फलजच्या कडेनं चर खणताना
फावड्याला लागलं ते.
बोटभर लांब, पोटाशी फुगीर,
साखळीला अडकलेली सळई.
माती झटकली तरी काळंच.
घामट बाहीनं पुसलं तेव्हा
एका कडेला चांदी बोलली.

थंकचन म्हणाला, दौत.
दाद मुहम्मदनं नाकाशी धरलं:
बंदुकीची दारू ठेवायचे यात, माझ्या आज्याकडं होतं.
फोरमन म्हणाला, असेल ते असो,
दुपारपर्यंत चर सव्वा मीटर पाहिजे.
मला वाटलं अत्तरदाणी. बोललो नाही.

खजुरांना पाणी फिरवणारा खल्फान आला काठी टेकत.
ना तोलून पाहिलं त्यानं, ना घासून.
कानाशी नेऊन हलवलं,
सळई पिळली, ओढली,
आणि डोळ्याखालून बोट फिरवलं,
नव्वदीतला माणूस, आरशापुढं बसल्यासारखा.

काजळ!
मी मराठीतच ओरडलो. त्याला कळलं.

सळईच्या टोकाला होतं अजून, तेलकट,
जणू एकच डोळा घालून झाला होता
आणि दारात कुणी हाक मारली म्हणून
ती उठली.

संध्याकाळी सरकारी माणूस वही घेऊन.
वस्तू: सुरमादाणी. धातू: चांदी. नग: एक.
कुणाला सापडली, त्या रकान्यात
त्यानं माझ्या बताक्याचे आकडे उतरवले.
नाव लांब आहे म्हणाला.
खरंय. पुंडलिक धोंडिबा मालगुंडकर
मावत नाहीच.

सही करताना आकड्यांशेजारी
माझ्या अंगठ्याचा डाग पडला.
त्यानं खोडरबर लावलं.
गेला नाही,
फाकला.