पाठपोट नको

दहिवडीच्या स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
सातबारा, आधारकार्ड, भरतीचे फॉर्म
दिवसभर काचेवर पालथे पडतात,
उजेड खालून सरकतो,
मी बघतसुद्धा नाही.

बुधवारी म्हसवडहून द्रुपदाबाई पिसे आल्या.
पिशवीत दूध डेअरीची जुनी वही,
लिटर आणि फॅटच्या रकान्यांवर
स्केचपेननं भरलेल्या चंच्या, बटवे,
तिळाएवढ्या आरशांची कुंची,
आणि बैलाच्या शिंगांचे गोंडे.
बैल नाही. नुसते गोंडे,
तरी मान झटकल्यासारखे एका अंगाला गेलेले.

"पलूसच्या भाचीला धाडायच्यात.
तिला शिवाया येतं, सुचत न्हाई."

एका चंचीची नाडी पानात मावली नव्हती,
पान उलटून पलीकडे गेलेली,
तिथं पोपटाच्या चोचीत संपलेली.
पाठपोट काढू का? कागद वाचेल.
"नगं. वळताना नाडी तुटंल."

चंचीच्या पोटात टिंबाटिंबांचा चौकोन.
हे काय?
"चोरकप्पा. भायेरनं दिसत न्हाई."
मग काढलात कशाला?
"शिवणारीला दिसाया नगं व्हय?"
मी काच पुसली. स्वच्छच होती.

पहिली प्रत त्यांनी उन्हात धरली.
"तांबडा कुठं गेला?"
कलरचे पानाला दहा पडतात, म्हटलं.
त्यांनी पानं मोजली, पेन माझ्यापुढं सरकवलं.
"मी सांगते. तू लिही."

डाळिंबाचा दाणा, पण उललेल्या फळातला.
आमसूल भिजवलेलं पाणी.
हरभऱ्याच्या घाट्याचं हिरवं.
शेळीच्या डोळ्यातला पिवळा.
निळ्यापाशी बोट थांबलं बराच वेळ.
"यष्टीच्या शिटाचा लिही. तिला कळंल."

मागं रांग. फॉर्मवाला पोरगा वाकून बघत म्हणाला,
"दादा, आमसूलमधला सू दीर्घ."
मी दीर्घ केला.

बावीस रुपये झाले.
त्यांनी कमरेची चंची सोडली, सुट्टे काढले,
मी टक लावून होतो,
तरी कप्पा कुठं उघडला ते कळलं नाही.

एक प्रत बाद निघाली, ती माझ्याकडे आहे.
वही त्यांनी पुरती सोडलीच नव्हती,
त्यामुळं त्यांची चार बोटं उतरलीत कागदावर,
मधल्या बोटात अंगुस्तान, खाचांसकट,
काळे गोंडे घट्ट धरून,
जणू बैल अजून उभा आहे
आणि कुठल्याही क्षणी
मान हलवील.