गाऱ्हाणे, नमुना सहा

मिशन आले तेव्हा खाडीला ओहोटी लागली होती.
मिशन म्हणजे दोन गाड्या, चार माणसे,
त्यातली एक उंच बाई, जिच्या पांढऱ्या बुटांना
आडखोलच्या धक्क्यावर चिखल पहिल्यांदाच भेटला.
मी दुभाषी. दिवसाचे बाराशे, जेवण वेगळे.

पहिल्याच शब्दाला पाय रुतला.
यादीच्या वर होते: प्रकल्पबाधित.
मी मोठ्याने वाचले, तशी बांगडे पसरणारी
सुलू खवणेकरीण कमरेवर हात ठेवून उठली.
"बाधा? कोणाची गो बाधा?
आमच्या वाडीत दोन वर्सां कोणाक काय लागूक नाय."
बाईने विचारले, काय म्हणतात त्या?
तब्येत बरी आहे म्हणतात, मी म्हटले.

प्रश्नावली सत्तावीस पानांची.
तरीवर रोज किती माणसे, किती बकऱ्या,
वाट बघण्यात किती मिनिटे जातात,
आणि पूल झाला तर
वाचलेल्या एका मिनिटाचे तुम्ही किती द्याल?

सगुण तारी वल्हे मांडीवर आडवे घेऊन बसला होता.
"मिन्टाचे?"
पाण्याकडे बघितले त्याने, भाव तेच सांगणार असल्यासारखे.
"लिव. माझी सून हयंच अडली, मधल्या पाण्यात.
रात्र, वारो समोरसून.
पोरगो जगलो. ती नाय.
त्या मिन्टाचा काय ता लाव."

रकाना बोटभर होता.
मी लिहिले: इच्छुक.

मग कर्जाचे.
व्याज पाव टक्का, फेड चाळीस वर्षांत,
त्यातली पहिली दहा माफ.
"फेडतलो कोण?"
कागदावरचा शब्द मी उलटून ठेवला: सार्वभौम.
"तो खंयचो?"
सरकार हो.
"म्हणजे आमीच मगे," सगुण म्हणाला, आणि
होडीतले पाणी डब्याने उपसणाऱ्या नातवाकडे बघितले.
तातू. वय नऊ.
शेवटच्या हप्त्याला एकोणपन्नास.
हा हिशेब माझा, कोणी विचारला नव्हता.

शेवटी नमुना सहा.
तक्रार म्हटले तर कोणी जागचे हलेना,
म्हणून मी म्हटले, गाऱ्हाणे.
चूक माझीच.
माणसे उठली, चपला काढल्या,
गावकराने डोळे मिटले आणि खाडीकडे तोंड करून
रवळनाथाला हाक घातली:
बा देवा म्हाराजा, ह्या परक्या मुलखातल्या लेकरांका बरी बुद्धी दी,
व्हय म्हाराजा!
शिमिटात वाळू कोणी जास्त घालीत तर त्येचो हात धर,
व्हय म्हाराजा!
सगुणाच्या होडयेचो दाम फळयेच्या भावान करू नको,
व्हय म्हाराजा!
उंच बाईनेही बूट काढले. मोजे चिखलात.
अर्ज कोणाच्या नावे? तिने हळूच विचारले.
वरिष्ठांच्या, मी म्हटले.

होडीचा दाम फळ्यांच्या भावानेच झाला,
घसारा वजा जाता.

आज दुसरे मिशन, आढाव्याचे.
अकरा खांब, कठडे, दोन लिप्यांतली संगमरवरी पाटी.
काम शहाण्णव टक्के.
उरलेले चार टक्के म्हणजे पल्याडचा जोडरस्ता,
तो राज्याच्या वाट्याचा, दुसऱ्या शीर्षाखाली,
त्याची फाइल कुठे आहे ते फाइलला माहीत.
पूल जांभ्याच्या कड्यासमोर हवेत संपतो.
तिथे बांबूची शिडी.

माफीची दहा वर्षे मार्चात संपली.
तातू आता एकोणीसचा, सायकल खांद्यावर घेऊन उतरतो.
शिडी खालून सगुण धरतो.
पैसे घेत नाही. भाव अजून ठरायचा आहे, म्हणतो.

नवे साहेब कठड्याला धरून वाकले.
खालून सगुण ओरडला.
काय म्हणतात ते?
मी या खेपेला एक अक्षर इकडचे तिकडे केले नाही:
बेतान उतरा, तिसरी पायरी हलता.