मी आलो

रोज सव्वानऊला मी पुरुष होते.
घणसोली, सेक्टर सात, दातांच्या दवाखान्यावरचा माळा.
दोन फोन, एक रिंग लाइट,
चहाचा डाग पडलेली जयंत्या-पुण्यतिथ्यांची यादी.
मी टाइप करते:
‘आज प्रभागातील नाल्याची पाहणी केली.
मी स्वतः उभा राहून गाळ काढून घेतला.’

उभा.

शेठ गाडीतून उतरले होते साडेतीन मिनिटं.
पँट जराशी वर धरून वाकले,
तेवढंच मी कापून ठेवलं,
खाली बासरी लावली.

आत्मारामशेठ वाईट माणूस नाहीत.
पूर्वी त्यांच्या ओट्यावर रांग असायची —
रेशनकार्ड, शाळेचा दाखला, जावयाची दारू —
आणि खिशातल्या डायरीत बॉलपेनने नाव.
आता ओट्याला टाइल्स लागल्यात,
रांग माझ्या अंगठ्याखाली सरकते.
‘टाकलास का?’ एवढंच विचारतात.
‘टाकला नाय त झालाच नाय, पोरी.
तो तलवलीवाला शिंकला तरी टाकतो.’
आणि पेपरवाला मधे लागत नाही.
पेपरवाला उलटं विचारतो.
इथे कुणी उलटं विचारलं
तर मी त्याला दोन पिवळे हात जोडते.
फारच विचारलं, तर तो दिसेनासा होतो.
तेही मीच करते. एका बोटाने.

श्रावणात बामा तांडेल गेला.
गावातला, शेठच्याच वयाचा.
कुणाच्या तरी हळदीच्या ग्रुप फोटोतून
मी त्याचं डोकं कापून काढलं,
मागे पणती ठेवली, आणि लिहिलं:
‘लहानपणी खाडीच्या चिखलात
आम्ही दोघांनी मिळून निवट्या पकडल्या.
माझा बामा गेला.’
चार मिनिटं लागली.
अकराशे लोकांनी हात जोडले.

रात्री एक वाजता फोन.
‘निवट्यांचा तुला कोनी सांगितला?’
कुणी नाही, शेठ. मीच... सुचलं.
पलीकडे पंखा फिरत होता, तो ऐकू येत होता.
‘आमी बोलत नव्हतू. सतरा वर्सा.
बांधावरनं. त्याच्या मयताला पन गेलू नाय मी.’
काढू का, शेठ?
बराच वेळ पंखाच.
‘त्याच्या पोरानी खाली काय लिवलाय, वाचलास?
लिवलाय, काका, बाबा तुमचा नाव घ्यायचे.’
मग म्हणाले, ‘ऱ्हाऊं दे.’
मग, फोन ठेवता ठेवता:
‘निवट्या नाय. चिंबोऱ्या.’

मी उठून दुरुस्त केलं.

त्या आठवड्यात कधीतरी
दारात चपला काढताना माझ्या तोंडून गेलं:
‘आई, मी आलो.’
आई हसली नाही.
ती बादलीवर वाकून फोन धरून बसली होती,
नळ नुसताच सूं-सूं करत होता,
आणि शेठच्या पाहणीच्या फोटोखाली
ती एकेक अक्षर शोधत लिहीत होती:
आमच्या आळीत तीन दिवस पाणी नाय.

माझा खिसा थरथरला.
मी बाथरूमचं दार लावून घेतलं.
‘ताई, आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे.
मी जातीने लक्ष घालतो.’

घालतो.

बाहेरून आईचा आवाज, उजळलेला:
‘बघ. एवढा मोठा मानूस,
मिनटात उत्तर दिला.
तुला दिवसभर मेसेज करते मी.’