पेव

हरिपूर रस्त्याला, रो-हाऊस नंबर चार.
ताबा घेतला त्याच आठवड्यात दार घासायला लागलं,
आम्ही म्हटलं, लाकूड फुगलं असेल.
मग ओट्याखाली दूध सांडलं, तर ओघळ
थेट मागच्या कोपऱ्याकडे गेला,
पत्ता विचारून आल्यासारखा.

बिल्डर शीतल शेडबाळे. माणूस गोड.
पहिली भेग बघून म्हणाला,
नवं घर आहे वहिनी, थोडं बूड टेकवणारच.
पुट्टी मारून दिली. रंगही जुळवला.
दिवाळीपर्यंत त्या भेगेत रुपयाचं नाणं उभं राहायला लागलं.
त्यानंतर तो कायम साईटवर,
आणि साईट कायम रेंजबाहेर.

शेजारचे मगदूम रिटायर ओव्हरसियर.
त्यांनी भेगेवर काचेची पट्टी चिकटवली,
खाली पेन्सिलीनं तारीख: ११ जानेवारी.
आता भांडायचं नाही, म्हणाले, बघत राहायचं.
चहा ठेवायच्या आधी मी काच बघायची.
सव्विसाव्या रात्री ती गेली.
आवाज एवढाच, कुणीतरी बांगडी वाढवल्यासारखा.

नोटीस पाठवली. पोच आली, माणूस नाही.
शेवटी आम्हीच कोपरा उकरला.
वर हातभर मुरूम,
खाली फरशीचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या,
कुणाची तरी एका पायाची चप्पल.
पाच फुटांवर पहार गड्याच्या हातातून सुटली
आणि पडल्याचा आवाज उशिरा आला.

मग वास आला.
तो मला कुणी सांगायला नको.
माझा बाप पेवात उतरायचा.
तोंड उघडलं की आधी दोरीनं कंदील सोडायचा,
कंदील विझला तर त्या दिवशी कामाला सुट्टी.
घरी आला की आई त्याला दगडावरच थांबवायची,
पाणी पिवळं होऊन गटाराला लागायचं.
माझ्या लग्नात म्हणाला,
तुला आज लागली, मला रोजच लागायची.

फोटो पाठवला तसा शेडबाळे तासाभरात हजर.
काठावर उकिडवा बसला,
मोबाईलची बॅटरी लावून आत बघत राहिला.
जागा घेतली तेव्हा सपाट होती, म्हणाला.
पुरानंतर सगळंच सपाट असतं, मी म्हटलं.
आणि विचारलं,
तुमच्या आजोबांचा धंदा काय होता?

बॅटरीचा उजेड जरा हलला.
अडत, म्हणाला.
कशाची ते मी विचारलं नाही,
त्यानं सांगितलं नाही.
मग म्हणाला, काँक्रीट ओतून देतो,
खर्च निम्मा निम्मा.

खाली उजेड तसाच होता, पांढरा, न विझणारा,
हवा कशी का असेना.

माळ्यावर बापाचा कंदील आहे.
दोरीही आहे.
दोन दिवस मी सांगलीभर विचारतेय,
रॉकेल कुठं मिळतं.