उजवी बाजू

सायकल आडवी, तिच्यावरचं माणूसही आडवं.
पाय मात्र चढावर.

लूवनच्या या खोलीला खिडकी नाही.
बाहेर धुकं आहे की ऊन
ते येणाऱ्याच्या कोटावरून ओळखायचं.
आज गोदलीव्हच्या बाहीवर नुसताच मैदा :
पहाटे तीनपासून भट्टीपाशी उभी,
चारशे पाव काढून थेट इकडे.
निरोगी गट, क्रमांक सतरा.

बरगड्यांमध्ये गार जेल लागताच
ती फ्लेमिशमध्ये एक शिवी देते
आणि लगेच माफी मागते.

पडद्यावर आधी दिसतो तो डावा कप्पा,
जाड भिंतींचा, घरच्या कर्त्यासारखा.
उजवा त्याला बिलगून,
चंद्रकोरीएवढा,
भिंत लाटलेल्या पिठासारखी.
जुन्या पुस्तकांत याला जवनिका म्हणत. म्हणजे पडदा.
भाषेत उजवं म्हणजे सरस;
इथे मात्र उजव्याचं नाव
नेहमी नंतर.

पन्नास वॅट. पंचाहत्तर.
बसल्या जागी याला फारसं काम नसतं,
फुप्फुसं दार उघडं ठेवून असतात,
रक्त नुसतं पलीकडे सारायचं.
पण चढ लागला
की डाव्याचं ओझं वाढतं
आणि उजव्याचं त्याहून कितीतरी पटीने.
डावा जेवढं देतो तेवढंच यानेही द्यायचं,
एक घोट कमी चालत नाही.

एकशे पंचवीस.
गोदलीव्हच्या ओठावर घाम.
कोर आवळते,
ठोक्याच्या शेवटी आणखी बारीक होते,
पुन्हा भरते, पुन्हा आवळते.
इतक्या पातळ भिंतीत
एवढा जोर कुठे लपला होता?
वीस वर्षं मी हेच बघते
आणि दर वेळी हात प्रोबवर किंचित घट्ट होतो.

गेल्या महिन्यात याच सायकलवर
तिचा भाऊ वाउटर होता.
पन्नास वॅटलाच त्याची कोर फुगायला लागली,
मधली भिंत चपटी होऊन
डाव्यावर रेलली.
तो म्हणाला, पुरे.
त्याच्या आलेखाशेजारी ठेवायला
एक धडधाकट आलेख हवा होता,
म्हणून ही आली.

"कसं आहे?"
"उत्तम," मी म्हणते,
आणि तो शब्द मला नकोसा होतो.

ती बाहीनेच जेल पुसते. मैद्याचा लगदा होतो.
"लहानपणी दगडी चढावर
तो पुढे असायचा," ती म्हणते,
"वारा अंगावर घेत.
मला वाटायचं, मीच भारी चालवते."