उद्याची जुनी

भिशी लागली. दोन लाख दहा हजार.
हॉलच्या फरशा बदलायचं घरात ठरलं होतं.
मी म्हणाले, गाडी घेते. फक्त रविवारची.
मिहीरने विचारलं, आई, जुनी की व्हिंटेज?
व्हिंटेज परवडत नाही,
आणि नुसती जुनी तर मीही आहे.
मला हवी उद्याची जुनी.
आज जिच्याकडे कुणी वळून बघत नाही,
आणि वीस वर्षांनी सिग्नलला कुणीतरी
काच खाली करून विचारेल,
बाई, ही कुठे मिळाली?

पण आजच ती ओळखायची कशी,
हे कुणालाच सांगता येईना.

पहिल्या शनिवारी मुलुंडला एस्टीम.
मालक दातांचे डॉक्टर, कागद फाइलीत, सुटे भाग नाक्यावर.
आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखी गाडी,
तक्रारीला जागा नाही
आणि आठवण काढावी असंही काही नाही.

दुसऱ्या शनिवारी सांताक्रूझला ओपेल अ‍ॅस्ट्रा.
दार लावलं की तिजोरी बंद झाल्यासारखा आवाज.
मी ते तीनदा उघडून लावलं.
मग ऑपेरा हाऊसला जाऊन तिच्या हेडलाइटची चौकशी केली.
पहिला दुकानदार हसला, दुसरा हसला.
तिसरा हसला नाही, त्याने पाणी दिलं.

नुरुद्दीन परकार, गॅरेज कुर्ल्याला, गाव दाभोळ.
मला ताई म्हणतात आणि माझ्या बजेटला तब्येत.
'ताई, तुमच्या तब्येतीला जर्मन झेपायची नाही.'
खिशात रुमालात गुंडाळलेला लोहचुंबक.
रुमालासकट तो पत्र्यावर फिरवतात,
नाडी बघावी तसे, मान जरा कलती.
चिकटला तर पत्रा.
घसरला तर आत लांबी भरलीय.

तिसऱ्या शनिवारी ऑर्लेमला,
ग्रेशस परेरांच्या अंगणात, जांभळाखाली,
पॅलिओ. वन पॉइंट सिक्स. लाल होती असं म्हणायचं.
टपावर पाखरांनी वर्षभराचा हिशेब मांडलेला.
परेरांनी आधी सांगितलं, लिटरला नऊ देते.
किंमत नंतर सांगितली.
चावी फिरवली. दोनदा खोकली,
आणि मग असा आवाज
की नुरूभाईंनी विडी पेटवायची थांबवली.

चुंबक बॉनेटला चिकटला. चारी दारांना चिकटला.
मागच्या डाव्या चाकाच्या कमानीवरून घसरला.
वीतभर जागा.
आम्ही तिघं तिच्याकडे बघत उभे.
परेरा म्हणाले, 'फिलोमिनाचा असणार.
चर्चच्या गेटचा खांब. तिचा पहिलाच रिव्हर्स.
मला कळू नये म्हणून परस्पर भरून घेतलं तिने.
ती गेल्यावर पर्सच्या चोरकप्प्यात बिल सापडलं.
कुठे भरलं, ते मात्र आजवर सापडलं नव्हतं.'

त्यांनी तिथे अंगठा फिरवला.
नुरूभाई चुंबक रुमालात गुंडाळत बसले, उगीच, कितीतरी वेळ.

तरीही मी पंधरा हजार कमी करून घेतले.
लाज वाटली. पण चार टायर घ्यायचे होते,
पुढे फिटनेस, हरित कर,
आणि क्लचप्लेट, जी नुरूभाईंच्या मेव्हण्याकडे
देवाच्या कृपेने एकच उरली होती.

रंग नव्याने द्यायचा ठरला.
कमान तशीच ठेवा म्हटलं.
'विचारणारच नव्हतो,' ते म्हणाले.

हॉलमध्ये फुटकी फरशी आहे तिथेच आहे,
वर पायपुसणं टाकलंय.

रविवारी साडेपाचला चेंबूरहून फ्रीवेवर चढले.
बोगद्यात काच खाली केली,
चौथ्यातून तिसऱ्यात आणली,
आणि तो आवाज भिंतींना लागून
माझ्याच मांडीवर परत आला.
पुढे डाव्या हाताला खाडी, उजेड अजून कच्चा.
एक टँकर गेला. दोन टॅक्स्या गेल्या.
एका पांढऱ्या एसयूव्हीने मागून दिवे मारले, बाजू काढली,
निघून गेली.

कुणी वळून बघितलं नाही.
म्हणजे अजून वेळ आहे.